चारशे मोहरांची मागणी

फार पूर्वी, नऊ परगण्यांच्या एका राज्यात एक खजिनदार राहत होता. राज्याला राजा होता, पण तो म्हातारपणी देवधर्माला लागला होता आणि कारभार सभेच्या हाती सोपवून मोकळा झाला होता. सभेत प्रत्येक परगण्यातून निवडून आलेली माणसं बसत. राज्य चालवत मुख्य प्रधान, आणि पैसा सांभाळत असे हा खजिनदार.

राज्याचा एक कडक नियम होता. वर्षभर कुठल्या कामाला किती पैसा लागेल, ते प्रत्येक खात्याने माघ महिन्यात लिहून द्यायचं. खजिनदाराने त्या मागण्या जमेशी ताडून बघायच्या, काटछाट करायची आणि अंदाजपत्रक तयार करायचं. फाल्गुनात ते सभेपुढे वाचलं जाई, सभा ‘हो’ म्हणे, मग त्यावर शिक्का बसे. हे सगळं गुढीपाडव्याच्या आत व्हायलाच हवं. तसं झालं नाही, तर पाडव्यापासून खजिन्यातून फुटकी कवडीही बाहेर काढता येत नसे. म्हणजे शिपायांना पगार नाही आणि हत्तींना चारा नाही.

नियम चांगला होता. पण चांगल्या नियमातही माणसं आपली सोय बघतातच. खजिनदार काटछाट करणार हे सगळ्या खात्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे वाढवूनच मागत. सगळे वाढवून मागतात हे खजिनदाराला ठाऊक होतं, म्हणून तो डोळे मिटून निम्मं कापत असे. निम्मं कापलं जातं हे कळल्यावर खात्यांनी आणखी वाढवलं. हत्तीखान्यात हत्ती होते अकरा. हत्तीखान्याचा अधिकारी चारा मागे तीस हत्तींचा. निम्मा कापून मिळे पंधरा हत्तींचा. वरच्या चार हत्तींचा चारा कोण खातं, हे विचारायचं नसतं असा रिवाज होता.

यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. व्याह्यांनी मानपानावरून उगाच रुसावं आणि मग हसत जेवायला बसावं, तसा तो एक रीतीचा भाग झाला होता. मागणाराही खूश, कापणाराही खूश. खजिनदाराची तर ख्याती होती. लोक म्हणत, “आपला खजिनदार भारी कडक. निम्मं कापल्याशिवाय पाणी पीत नाही.”

पण खरं सांगायचं तर खजिनदार मनातून कंटाळला होता. केस पांढरे झाले, बोरू झिजले, पण आपल्या राज्याला खरोखर किती लागतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं. सगळं आयुष्य त्याने फुगवलेल्या आकड्यांची हवा काढण्यात घालवलं होतं.

एका पौषात तो परगणे बघायला निघाला. फिरत फिरत डोंगराच्या कुशीतल्या एका मोठ्या तळ्यापाशी पोचला. तळ्याला दगडी बांध होता आणि बांधाखाली चाळीस घरांची एक वाडी होती. तळ्यावर गोंदाजी नावाचा पाटकरी होता. पाटाची दारं उघडायची, मिटायची, पाळीपाळीने शेतांना पाणी सोडायचं, हे त्याचं काम. त्याच्या बापानेही तेच केलं होतं.

गोंदाजीने खजिनदाराला बांधावर नेलं आणि हाताने दाखवलं. मधला एक भाग पोटाशी फुगला होता. दगडांच्या फटीत मूठ जात होती.

“चाळीस हात भिंत खराब हाय, जी,” गोंदाजी म्हणाला. “ती उतरवायची नि नव्यानं बांधायची. हाताला धा मोहरा. चारशे मोहरा लागत्यात.”

“चारशे?” खजिनदार हसला. “म्हणजे कागदावर किती लिहिणार आहेस?”

“तेच तर कोडं पडलंय, कारभारी. चावडीवरचा लेखनिक म्हणतो, आठशे लिही, तवा चारशे हातात पडतील. पर मी सोता दोरी धरून मोजलंय. मोजलं एक नि लिहायचं दुसरं, ते मला जमंना.”

खजिनदार त्याच्याकडे बघतच राहिला. वीस वर्षांत त्याच्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं. त्याला एकदम बरं वाटलं, दाटीच्या बाजारातून बाहेर मोकळ्यावर आल्यासारखं.

“समजा तीनशेच मिळाले, तर?” त्याने सहज विचारलं.

“तर हात लावू नये, जी. लांबी कमी केली तर पाणी बाजूनं घुसंल, उंची कमी केली तर वरनं येईल. जुनी भिंत कशीबशी आनखी दोन वर्सं निघंल. पर उतरवली, की पुरी बांधलीच पायजे.”

खजिनदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “गोंदाजी, तू चारशेच लिही. एक मोहर कापणार नाही. माझा शब्द आहे.”

“शब्द हाय नव्हं? मग मी पाडव्याची वाट बघत न्हाई. तळं आटलंय तवरच भिंत उतरवायला घेतो. मिरगाच्या आत काम पुरं व्हायला पायजे.”

“घे,” खजिनदार म्हणाला.

माघात मागण्या आल्या. गाडीभर कागद. खजिनदार रोज सकाळी बसे आणि निम्मं निम्मं कापत जाई. गोंदाजीचा कागद आला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला. वाकड्यातिकड्या अक्षरांत चारशे लिहिलं होतं, खाली अंगठ्याएवढी सही होती. त्याने त्यावर बोरू टेकवला नाही. तो कागद बाजूला, चांदीच्या दौतीखाली ठेवला आणि उरलेलं काम त्या दिवशी जरा उत्साहाने केलं.

जमाखर्च बरोबर जुळला. फाल्गुन उजाडला. आणि मग मुख्य प्रधान एका जत्रेला गेले.

जत्रेत गर्दी मोठी होती, लेझीम चाललं होतं, गळ्यात हार पडत होते. मुख्य प्रधानांना भाषणाचा भर आला आणि त्यांनी हात उंचावून जाहीर केलं, “यंदा बाजारकर माफ!” टाळ्यांचा कडकडाट झाला. राजधानीत बातमी पोचली तेव्हा खजिनदाराने कपाळाला हात लावला. राज्याची चौथाई जमा त्या एका कराची होती.

“अहो, मला एका शब्दाने विचारायचं तरी,” तो मुख्य प्रधानांना म्हणाला.

“झालं ते झालं,” मुख्य प्रधान म्हणाले. “बोललेला शब्द मागे घेता येत नाही. लोकांत नाचक्की होईल. तुम्ही आणखी एक चौथाई कापा म्हणजे झालं. सगळ्यांची सारखी. एकाला कमी, एकाला जास्त असं केलंत तर सभेत आरडाओरडा होईल आणि पाडवा तर आठ दिवसांवर आलाय.”

खजिनदार घरी आला आणि पुन्हा कागद घेऊन बसला. त्याने सगळ्यांची चौथाई कापली. हत्तीखान्याला पंधरा हत्तींचा चारा होता, तो सव्वाअकरा हत्तींचा झाला. म्हणजे हत्तींचं काही बिघडत नव्हतं. दारूगोळ्याचं बिघडत नव्हतं, बागांचं बिघडत नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर चरबी होती, ती थोडी उतरली इतकंच.

शेवटी दौतीखालचा कागद उरला.

गोंदाजीला सोडणं अवघड नव्हतं. शंभर मोहरा कुठूनही निघाल्या असत्या. पण सभेत कुणीतरी उठून विचारलं असतं, याला का सोडलं? मग खजिनदाराला भर सभेत सांगावं लागलं असतं, की याने खरं मागितलं आहे म्हणून. आणि याने खरं मागितलं म्हटलं, की बाकीच्यांनी काय केलं, हेही आलंच. बाकीचे म्हणजे कोण? रोज ज्यांच्यासोबत तो पान खात असे तेच. हत्तीखान्याचा अधिकारी तर त्याचा साडूच होता.

खजिनदाराने तो कागद दौतीखालून ओढून पुढे घेतला. मग त्याने स्वतःला समजावायला सुरुवात केली, आणि स्वतःला समजावणं माणसाला फार लवकर जमतं. चारशेतले तीनशे तर देतोयच ना आपण? थोडे नाहीत. वर्षाच्या मध्ये, श्रावणात, सभा पुन्हा भरते. राहून गेलेल्या खर्चासाठी पुरवणी मागणी आणता येते. तेव्हा गुपचूप शंभर देऊन टाकू. कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याने बोरू शाईत बुडवला आणि चारशेचे तीनशे केले.

सभा भरली. एकेक मागणी वाचली जाऊ लागली. मागणीवर कुणाला बोलायचं असेल तर त्याने उभं राहून ‘यातली एक कवडी कापा’ असं म्हणायचं, मग त्याला बोलायला मिळे, अशी तिथली पद्धत होती. बागेच्या कारंज्यावर चार जण बोलले. शिपायांच्या पोशाखाच्या रंगावर दुपार गेली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा निवेदकाने घाईघाईने वाचलं, “तळी आणि बांध. डोंगरतळं, तीनशे.”

त्या परगण्याचा सभासद जांभई देत होता. खजिनदाराने एक वाक्य बोलायची खोटी होती. तो खाकरला. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

“काही म्हणायचं आहे?”

“नाही,” खजिनदार म्हणाला. “पुढे चला.”

“मंजूर म्हणणारे?”

“होऽऽ!” सभा ओरडली. आणि निवेदकाने पुढची मागणी वाचायला घेतली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अंदाजपत्रकावर शिक्का बसला. मुख्य प्रधानांनी खजिनदाराला सर्वांसमोर शाल दिली. “एवढी मोठी कपात केली, पण कुणाची कुरकुर नाही! सगळ्यांना एकच माप. याला म्हणतात न्याय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. खजिनदारालाही ते ऐकायला गोड वाटलं. नाही वाटलं असं कसं म्हणावं?

वैशाखात एका दुपारी गोंदाजी त्याच्या दारात येऊन उभा राहिला. दोन दिवस चालून आला होता. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “शंभर कमी हायत, जी. वाटंत कुनी मारले काय, म्हणून इचारायला आलो.”

“कुणी मारले नाहीत गोंदाजी. बाजारकर माफ झाला, जमा घटली. सगळ्यांचीच चौथाई कापावी लागली. सगळ्यांना सारखंच.”

गोंदाजीने थोडा वेळ विचार केला. त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

“पर सगळ्यांनी सारखं मागितलं न्हवतं की, कारभारी.”

खजिनदाराने त्याच्या भांड्यात आणखी पाणी ओतलं.

“म्या भिंत उतरवली हाय,” गोंदाजी म्हणाला. “चाळीसच्या चाळीस हात. तुमचा शब्द व्हता म्हणून.”

“मी विसरलो नाही. श्रावणात पुरवणी मागणी आणतो. शंभर मोहरा नक्की देतो.”

“श्रावनात? पाऊस तर मिरगात येतो, जी.”

“आता शिक्का बसलाय गोंदाजी. शिक्का बसल्यावर श्रावणापर्यंत माझ्या हातात काही नाही. नियमच आहे तसा.”

गोंदाजीने नियमाला नमस्कार केल्यासारखे हात जोडले, धोतर झटकलं आणि निघून गेला. खजिनदाराच्या स्वतःच्या घरात शंभर मोहरा नव्हत्या असं नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दीडशे होत्या. पण ही गोष्ट त्याला त्या दुपारी सुचली नाही. सुचली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मग ती आयुष्यभर सुचत राहिली.

गोंदाजीने तीनशे मोहरांत तीस हात भिंत बांधली, अगदी पक्की. उरलेल्या दहा हातांसाठी वाडीतल्या माणसांनी, बायांनी, पोराबाळांनी फुकट अंगमेहनत केली. माती वाहिली, झाडांच्या फांद्या रचल्या, त्यावर पुन्हा माती चोपली. कुणाला त्याचा भरवसा नव्हता. पण हातावर हात धरून बसवतही नव्हतं.

मृग नीट गेला. आषाढात चार दिवस पाऊस कोसळला आणि तळं काठोकाठ भरलं. पाचव्या दिवशी भर दुपारी मातीचा भाग ओलसर दिसू लागला. गोंदाजीने हलगी घेतली आणि वाडीतून बडवत पळाला, “वर चला! टेकाडावर चला!” माणसं निघाली. गोठ्यातली जनावरं सोडायला दोघे जण मागे फिरले. त्यातला एक गोंदाजीचा थोरला भाऊ होता. दहा हातांच्या त्या जागेतून पाणी आलं आणि चाळीस घरं घेऊन गेलं. ते दोघे पुन्हा दिसले नाहीत. नवी बांधलेली तीस हात भिंत मात्र जागची हलली नव्हती.

श्रावणात सभा भरली. खजिनदाराने पुरवणी मागणी मांडली. शंभर मोहरांची नव्हे, तीन हजारांची. घरं, बियाणं, गुरं, सगळंच नव्याने द्यायचं होतं. सभा हळहळली, काहींनी डोळे पुसले, आणि कुणीही कवडीभर कपात न सुचवता सगळी रक्कम एका आवाजात मंजूर झाली.

खजिनदार स्वतः ते पैसे घेऊन वाडीत गेला. वाटेत त्याने मनाची तयारी केली होती. गोंदाजी शिव्या देईल, अंगावर थुंकेल, जे करील ते सोसायचं. पण गोंदाजीने त्याला घोंगडी टाकून दिली, गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं. “बसा, जी,” म्हणाला. “लांबनं आलाय.” खजिनदाराने मोहरांच्या थैल्या घोंगडीवर ठेवल्या.

“गोंदाजी, माझं चुकलं,” तो शेवटी म्हणाला.

“व्हय, जी,” गोंदाजी म्हणाला आणि कामाला निघून गेला.

पुन्हा माघ आला. पुन्हा गाडीभर कागद आले. खजिनदाराने सगळ्यात आधी डोंगरतळ्याचा कागद शोधला. फुटलेली दहा हात भिंत बांधायची होती. वाहून गेलेला पायाही भरायचा होता. या वेळी एक मोहर कापायची नाही, सभेत उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं, मग साडू रुसो की मुख्य प्रधान रागावोत, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

कागद सापडला. या वेळी अक्षर वळणदार होतं, लेखनिकाचं. त्यावर लिहिलं होतं, बाराशे मोहरा.

खजिनदार त्याच दिवशी घोड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोचला. गोंदाजी पाटाचं दार सारखं करत होता.

“गोंदाजी, बाराशे?”

“व्हय, जी.”

“दहा हात भिंत आणि पाया. खरं किती लागतं?”

“लिवलंय तेवढंच.”

“अरे, मी तुला ओळखतो! तू दोरी धरून मोजणारा माणूस. या वेळी मी काही कापणार नाही, देवाशपथ. मला फक्त खरा आकडा सांग.”

गोंदाजीने हातातलं काम थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर खजिनदाराला सोपं गेलं असतं.

“खरा आकडा मी एकदा सांगितला व्हता, कारभारी,” तो म्हणाला.

खजिनदार राजधानीत परत आला. त्याने बोरू हातात घेतला. कापावं, तर किती कापावं? पुन्हा कमी पडलं तर? आणि न कापावं, तर जे जास्तीचे जातील ते दुसऱ्या कुठल्या तरी बांधाच्या तोंडचे नसतील कशावरून? वीस वर्षं कापण्यात मुरलेला त्याचा हात त्या कागदावर नुसताच थांबून राहिला. शेवटी त्याने बाराशे तसेच ठेवले. सभेने ‘हो’ म्हटलं. बांध झाला, मजबूत झाला, आणि उरलेल्या मोहरांत गोंदाजीच्या घराला नवी कौलंही चढली.

खजिनदार त्यानंतर सात वर्षं त्या जागेवर होता. दर माघात तो कागदांच्या ढिगात एक तरी कागद शोधत असे, ज्यावरचा आकडा जसाच्या तसा खरा मानता येईल. नऊ परगण्यांतून तसा एकही कागद पुन्हा आला नाही.

तात्पर्य सांगायचं ते एवढंच: खरं मागणाऱ्यालाही फुगवून मागणाऱ्यांच्याच मापाने कापलं, तर त्याला न्याय म्हणू नये. अशाने खरं मागणारा माणूसच पुढे उरत नाही, आणि मग खरं काय हे सांगायलाही कुणी राहत नाही.